चुंबकी कणांच्या उपचारासाठी बाग विकावी का?

पत्र : माझा मोठा भाऊ ४६ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याला फिट आली, तपासणीत मेंदूत ग्लिओब्लास्टोमाची, म्हणजे कॅन्सरची, गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सहा आठवडे रेडिएशन झालं, टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या झाल्या. आता नव्या एमआरआयमध्ये त्याच जागी पुन्हा वाढ दिसतेय म्हणतात. ओळखीतून एका 'समन्वयका'चा नंबर मिळाला. त्यांनी व्हिडिओ पाठवलाय. लोखंडाचे नॅनो कण शिरेतून सोडतात, ते नेमके कॅन्सरच्या पेशींत जाऊन बसतात, एमआरआयमध्ये चमकतात, मग बाहेरून चुंबक लावून ते तापवायचे आणि गाठ जाळायची. खर्च १८ लाख, निम्मे आठ दिवसांत भरायचे. 'दोन वर्षं खात्रीची' असं ते म्हणतात. आमचे वडील, अण्णा, एक एकर द्राक्षबाग विकायला निघालेत, गिऱ्हाईकही आलंय. इंजिनिअरिंगचा भाचा म्हणतो की हे खरं आहे, आपल्या आयआयटीतही यावर काम झालंय. चुलते म्हणतात, मग आपलं लोहभस्म काय वाईट, त्यातही नॅनोच असतात. दादाला गाठ परत आल्याचं आम्ही अजून सांगितलेलं नाही. काय करावं?
– एक बहीण, तासगाव तालुका

ताई,

आधी व्यवहाराचं सांगते. गिऱ्हाइकाकडून इसार घेऊ नका आणि त्या समन्वयकाला एक रुपयाही पाठवू नका. आठ दिवसांची मुदत दादांच्या आजाराने घातलेली नाही, पैसे मागणाऱ्याने घातली आहे. आता कारणं. थोडं लांबेल, पण अण्णा, भाचा आणि चुलते अशा तिघांना तुम्हाला उत्तर द्यायचंय, म्हणून सविस्तर लिहिते.

भाचा चुकीचं बोलत नाहीये. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे दहा-वीस नॅनोमीटरचे, शरीरात सोडून त्यांनी चित्रही घ्यायचं आणि उष्णताही द्यायची, ही कल्पना खरी आहे आणि जुनी आहे. १९५७ साली शिकागोत गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या लसिकाग्रंथींत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, असे कण सोडून ते बाहेरच्या चुंबकी क्षेत्राने तापवून दाखवले होते. मुंबईची आयआयटी, भाभा अणुसंशोधन केंद्र, अगदी आपल्या कोल्हापुरातल्या प्रयोगशाळा, सगळीकडे यावर चांगलं काम झालंय. पण ते काम कशावर झालंय हे भाच्याला विचारा. बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर. त्यात कमीपणा काही नाही, संशोधन असंच पुढे जातं. फक्त उंदराच्या मांडीतली वाटाण्याएवढी गाठ आणि तुमच्या दादांच्या डोक्यातली गाठ यांत जे अंतर आहे, ते त्या व्हिडिओने दोन मिनिटांत पार करून टाकलंय.

कण तापतात कसे, ते आधी पाहू. इंडक्शनच्या शेगडीवर जाळ नसतो, तरी पातेलं तापतं. शेगडीतलं चुंबकी क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतं आणि ती ऊर्जा धातूत उष्णता होऊन बाहेर पडते. चुंबकी कणांच्या उपचारात हे क्षेत्र सेकंदाला साधारण एक लाख वेळा उलटसुलट होतं. प्रत्येक वेळी कणातलं चुंबकत्व त्याच्यामागे वळायला बघतं, थोडं मागे पडतं, आणि त्या ओढाताणीत कण गरम होतो. स्थिर चुंबकाने यातलं काहीच होत नाही. म्हणून चुंबकाच्या गाद्या, पट्टे, पाण्यात बुडवायचे चुंबक विकणारे कुणी या निमित्ताने दारात आले तर त्यांना चहासुद्धा देऊ नका.

शेगडीवरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. असं क्षेत्र धातूत वीजप्रवाह निर्माण करतं, तसं ते माणसाच्या शरीरातही करतं, कारण आपल्यात खारं पाणी आहे. क्षेत्र फार वाढवलं तर कणांआधी माणूसच तापू लागेल. त्यामुळे 'जोर वाढवा की झालं' असं इथे चालत नाही. क्षेत्राला मर्यादा आहे, म्हणून कण भरपूर लागतात. हा 'भरपूर' शब्द धरून ठेवा, सगळं गाडं तिथेच अडलंय.

आता उष्णतेचा उपयोग खरा आहे का? आहे. माझी सगळी नोकरी किरणोपचार विभागात गेली, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. गाठीचं तापमान ४१ ते ४३ अंशांवर तासभर राहिलं तर किरणांनी झालेली मोडतोड पेशींना दुरुस्त करता येत नाही, आणि रेडिएशनचा किंवा केमोचा परिणाम वाढतो. नेदरलँड्समध्ये ओटीपोटाच्या कॅन्सरवर झालेली एक चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या, आजार पुढे गेलेल्या रुग्ण होत्या. नुसत्या रेडिएशनने त्यांतल्या २७ टक्के तीन वर्षांनी हयात होत्या, रेडिएशनला उष्णतेची जोड दिली तेव्हा ५१ टक्के. तिथे नॅनो कण नव्हते, बाहेरून रेडिओलहरी वापरल्या होत्या. म्हणजे उष्णता उपयोगी पडते. प्रश्न एवढाच की ती मेंदूत, नेमक्या गाठीत आणि पुरेशी पोचवायची कशी.

आणि इथेच व्हिडिओ घसरतो. 'कण कॅन्सरमध्ये जाऊन बसतात आणि एमआरआयमध्ये चमकतात' हे वाक्य मी दोनदा वाचलं. लोखंडाचे हे कण एमआरआयच्या नेहमीच्या चित्रात चमकत नाहीत, जिथे जमतात ती जागा काळी पडते. व्हिडिओतली लखलखणारी गाठ ॲनिमेशन करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर लखलखली आहे.

याहून मोठी गंमत पुढे आहे. लोखंडी कणांनी चित्र घेण्याची जी पद्धत रुग्णालयात खरोखर वापरली गेली, तिच्यात कण कॅन्सरमध्ये जातच नव्हते. अमेरिकेत १९९६ साली फेरिडेक्स नावाच्या औषधाला यकृताच्या एमआरआयसाठी परवानगी मिळाली. शिरेतून दिलेले कण शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी उचलतात, आणि अशा पेशी निरोगी यकृतात भरपूर असतात. म्हणून निरोगी यकृत काळं दिसायचं, आणि गाठीत त्या पेशी नसल्यामुळे गाठ पांढरी उठून दिसायची. २००३ साली प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये लसिकाग्रंथी तपासण्याचं गाजलेलं काम झालं, त्यातही तेच. चांगली ग्रंथी काळी, कॅन्सर शिरलेली पांढरी. चित्र घ्यायला हे फार छान, कारण कॅन्सर कुठे नाही ते कळलं की कुठे आहे ते आपोआप कळतं. पण तापवायचं म्हटलं तर? त्याच रुग्णाला चुंबकी क्षेत्रात ठेवलं असतं तर निरोगी यकृत तापलं असतं आणि गाठ गार राहिली असती!

मग कणांना कॅन्सरचा पत्ता चिकटवून पाठवता येत नाही का, असं भाचा विचारेल. तसे प्रयत्न खूप झालेत, वर ठरावीक पेशींना चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) लावून, साखरेचं आवरण देऊन. पण दहा वर्षांतल्या अशा शेकडो प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१६ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. लोखंडाचेच नव्हे, सगळ्या प्रकारचे नॅनो कण त्यात होते, आणि प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे. शिरेतून दिलेल्या डोसपैकी गाठीत पोचणारा वाटा मध्यकाने (निम्मे आकडे याच्या वर, निम्मे खाली) ०.७ टक्का निघाला. बाकीचं बहुतेक यकृत आणि प्लीहेत.

आता भाच्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवा. यकृताच्या एमआरआयसाठी फेरिडेक्सचा डोस किलोमागे ०.५६ मिलिग्रॅम लोखंड, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ३४ मिलिग्रॅम. मेंदूच्या गाठीला तापवण्यासाठी जर्मनीत जो द्रव वापरला गेला, त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम लोखंड होतं, आणि तो थेट गाठीत टोचत. एवढं एकच मिलिलिटर शिरेतून पोचवायचं ठरवलं आणि ०.७ टक्क्याचा हिशेब धरला, तर शिरेत १६ ग्रॅम लोखंड सोडावं लागेल. माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून लोखंड असतं तीन-चार ग्रॅम. चित्र घ्यायला चिमूटभर पुरतं, तापवायला ढीग लागतो, आणि तो ढीग शिरेतून गाठीत जात नाही. 'एकाच इंजेक्शनात पाहा आणि जाळा' हे माणसाच्या बाबतीत आज अडतं ते याच हिशेबावर. चुलत्यांच्या लोहभस्माचं उत्तरही यातच आलं. भस्मातले कण कितीही बारीक असोत, तोंडाने घेतलेलं लोखंड आतड्यातून विरघळून शोषलं जातं. ते कण म्हणून मेंदूतल्या गाठीत जाऊन बसत नाही. त्यातून दादांना फिटच्या गोळ्या आणि स्टेरॉइड चालू असतील, तर वर आणखी काही घालायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

आता तुमच्या कामाचा भाग. मेंदूच्या गाठीवर हा उपचार माणसांवर खरोखर झालाय, आणि समन्वयकाची 'दोन वर्षं' कुठून आली तेही मला कळतं. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात आंद्रेयास योर्डान यांनी अनेक वर्षं यावर काम केलं. त्यातून मॅगफोर्स नावाची कंपनी उभी राहिली. तिच्या उपचाराला २०१० च्या सुमारास युरोपात परवानगी मिळाली आणि २०११ साली चाचणीचा निकाल छापून आला. गाठ परत आलेले ५९ रुग्ण. कवटीला छिद्र पाडून सुईने गाठीत द्रव सोडला, सोबत तापमान मोजायची बारीक नळी आत ठेवली. मग आठवड्यातून दोनदा, एकेक तास, असं सहा वेळा रुग्णाला यंत्रात झोपवलं. जोडीला पुन्हा रेडिएशन दिलं. म्हणजे शिरेतून इंजेक्शन नाही, नुसती उष्णताही नाही. उपचाराच्या जागेपासून ४० सेंटिमीटरच्या आत कुठलाही धातू चालत नव्हता, त्यामुळे डोक्यावर उपचार घेणाऱ्याचे दातातलं चांदीचं सिमेंट आणि धातूच्या कॅपसुद्धा आधी काढाव्या लागत. तुमच्या समन्वयकाने दादांच्या दातांबद्दल एक तरी प्रश्न विचारला का?

आणि चित्राचं म्हणाल तर उलटंच झालं. एवढं लोखंड गाठीत बसल्यावर त्या भागाचा एमआरआय काळाठिक्कर येतो, काहीच वाचता येत नाही. या रुग्णांना पुढे एमआरआय करण्यात अर्थच राहिला नाही. कण कुठे बसलेत हे सीटी स्कॅनवर पाहत आणि गाठीसाठी पेट स्कॅनसारख्या तपासण्यांकडे वळत. चित्र आणि उपचार एकत्र आणायला निघालेल्या कणांनी मेंदूच्या कॅन्सरची सगळ्यांत चांगली तपासणीच बंद केली. हे वाचून माझी चिडचिड झाली होती, आजही होते.

निकाल काय? गाठ परत आल्याचं कळल्यापासून मध्यक आयुर्मान १३.४ महिने, पहिल्या निदानापासून मोजलं तर २३.२ महिने. या २३ चेच पुढे 'खात्रीची दोन वर्षं' झालेत. मध्यकाचा अर्थ असा की निम्मे रुग्ण त्याच्या आतच गेले. त्यात खात्री कसली? शिवाय मोजणी पहिल्या निदानापासूनची आहे. दादांना निदान होऊन किती महिने झाले? ते त्यातून आधीच वजा होतात.

त्याहून महत्त्वाचं, या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आकडे ताडून पाहिले ते दुसऱ्याच एका मोठ्या चाचणीशी. ती २००५ साली प्रसिद्ध झाली होती, त्यात टेमोझोलोमाइड आणि रेडिएशन घेतलेल्यांचं मध्यक आयुर्मान १४.६ महिने होतं. तेवीस विरुद्ध चौदा, ऐकायला फार मोठा फरक वाटतो. पण त्या चौदामध्ये पहिल्या तीन-चार महिन्यांतच गेलेले रुग्णही मोजलेले आहेत. बर्लिनच्या गटात अशा माणसाला जागाच नव्हती. त्यात शिरायला गाठ परत येईपर्यंत जगावं लागत होतं आणि नंतर कवटीतून सुई घालण्याइतकी तब्येतही असावी लागत होती. गाळून घेतलेल्यांची सरासरी न गाळलेल्यांपेक्षा चांगलीच यायची. उपचाराने काहीच झालं नाही, असं मी म्हणत नाहीये. झालं की नाही, ते या चाचणीवरून सांगता येत नाही.

मरणोत्तर तपासणीत काही रुग्णांच्या मेंदूत कण सुई गेलेल्या जागीच गोळा झालेले दिसले. ग्लिओब्लास्टोमा तर मुळं पसरवल्यासारखा आजूबाजूला शिरलेला असतो, म्हणून तो परत येतो. जर्मनीतच नंतर एका छोट्या गटात ऑपरेशन करून गाठ काढली आणि उरलेल्या पोकळीच्या भिंतींना कणांचा लेप दिला. त्या रुग्णांना काही महिन्यांनी लेपाभोवती सूज आली, स्टेरॉइड वाढवावे लागले आणि काहींचं डोकं पुन्हा उघडून तो लेप काढावा लागला. पुढे २०२२ मध्ये कंपनीही दिवाळखोरीत गेली. मला याचं वाईट वाटतं, कारण ती माणसं प्रामाणिकपणे काम करत होती. पण 'जर्मन तंत्रज्ञान' म्हणून तुम्हाला जे विकलं जातंय त्याच्या मागे आज नेमकं कोण उभं आहे, हे विचारायलाच हवं. विचारल्यावर ताकास तूर लागू देत नसतील तर तेच उत्तर समजा.

समजा, ते म्हणाले की ही चाचणी आहे, ट्रायल आहे. तर मग नोंदणी क्रमांक मागा. भारतात औषधांच्या आणि उपकरणांच्या चाचण्या भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदवाव्या लागतात. क्रमांकाची सुरुवातच 'सीटीआरआय' अशी असते आणि तो कुणालाही इंटरनेटवर फुकट तपासता येतो. भाच्याला हे काम द्या, दहा मिनिटांचं आहे. चाचणीतलं औषध आणि चाचणीसाठी केलेल्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हे सांगतात. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे दादांना मराठीत मिळायला हवं. १८ लाख मागणारी चाचणी ही चाचणी नव्हे. आणि ते म्हणाले की चाचणी नाही, सिद्ध झालेला उपचार आहे, तर भारतातला परवाना दाखवा म्हणावं.

आता दादांकडे येऊ. मला तुमच्या पत्रात कणांपेक्षा जास्त खटकलेल्या दोन गोष्टी आहेत.

पहिली, 'पुन्हा वाढ दिसतेय म्हणतात'. कोण म्हणतं? रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर की ऑपरेशन आणि रेडिएशन केलेले डॉक्टर? रेडिएशननंतरच्या महिन्यांत एमआरआय फसवू शकतो. उपचाराच्या परिणामाने तिथे सूज येते, मेलेल्या पेशींचा भाग चमकतो आणि तो अगदी गाठीसारखा दिसतो. रेडिएशन संपल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत असं जास्त होतं, नंतरही होऊ शकतं. ते ओळखायला पर्फ्युजन एमआरआय (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणारा) किंवा पेट स्कॅन करतात, कधी काही आठवडे थांबून पुन्हा एमआरआय करतात. 'ही खरंच गाठ आहे की रेडिएशनचा परिणाम?' हा प्रश्न याच शब्दांत विचारा.

खरंच परत आली असेल तर पर्याय संपलेले नसतात, मात्र कुठलाच रामबाण नाही. जागा सोयीची असेल तर पुन्हा ऑपरेशन, निवडक रुग्णांना पुन्हा रेडिएशन, लोमस्टिनच्या गोळ्या, बेवासिझुमॅबचं इंजेक्शन. शेवटचं महाग आहे. त्याने सूज उतरते, स्टेरॉइड कमी करता येतात, पण एकूण आयुष्य वाढतं असं मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. कुणी त्याच्यासाठी बाग विकायला लावत असेल तर हे वाक्य त्यांच्यापुढे ठेवा. टाटा रुग्णालयात, परळला किंवा खारघरला, मेंदूच्या गाठींचे सर्जन, रेडिएशनवाले आणि औषधवाले एकत्र बसून केस पाहतात. दादांना प्रवास झेपत नसेल तर आधी कागद घेऊन तुम्ही किंवा भाचा जा. सोबत एमआरआयच्या फिल्मपेक्षा सगळ्या सीडी न्या, ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजीचा रिपोर्ट न्या आणि जिथे ऑपरेशन झालं तिथून गाठीच्या काढलेल्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. दुसरीकडे दाखवायचेत असं सांगा. रेडिएशन किती आणि कुठे दिलं त्याची समरीही लागेल. ती नसेल तर पुन्हा रेडिएशनचा विचारसुद्धा कुणी करू शकत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे तिथल्या किंवा सांगलीतल्या आरोग्यमित्राला विचारा, सातबारा हलवण्याआधी हे दार ठोठवायचं.

दुसरी गोष्ट, दादांना सांगितलेलं नाही. तुमच्या घरी हे प्रेमापोटी झालंय, ते मी समजू शकते. पण ४६ वर्षांचा माणूस, ज्याच्या मेंदूवर उपचार चाललेत, त्याच्या घरात तीन पिढ्या कुजबुजतायत, बागेला गिऱ्हाईक येऊन मोजणी करतंय, आणि त्याला काही कळत नसेल असं तुम्हाला वाटतं? मी पाहिलेल्या अशा रुग्णांना जवळजवळ नेहमी कळलेलं असतं. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तेही गप्प बसतात. हा आजार आणखी एक अडचण करतो. काही महिन्यांनी बोलणं, आठवण, निर्णय घेण्याची ताकद यांवर परिणाम होऊ शकतो. आज विचारता येईल ते तेव्हा विचारता येणार नाही.

सगळं एकदम ओतू नका. संध्याकाळी दोघंच असताना, वहिनींना आधी विश्वासात घेऊन, एवढंच म्हणा : 'दादा, नवा रिपोर्ट आलाय. तुला किती सांगू?' मग तो जेवढं विचारेल तेवढं सांगा. 'सगळं तुम्हीच बघा' म्हणाला तर तोही त्याचा निर्णय आहे, तसं करा. पण बागेबद्दल त्याला नक्की विचारा. ती अण्णांच्या नावावर असेल तरी त्यात त्याच्या मुलांची शाळा आहे. पुष्कळ रुग्ण या प्रश्नावर पहिल्यांदा ठाम बोलतात, आणि जे बोलतात ते ऐकून घरातले अवाक् होतात. अण्णांना 'मी मुलासाठी काहीच केलं नाही' असं वाटू द्यायचं नसेल, तर त्यांना काम द्या. त्यांनी खारघरला दादांसोबत जावं. विकायचीच वेळ आली तर ती खऱ्या उपचारासाठी, घरी लागणाऱ्या माणसासाठी, वहिनींच्या आधारासाठी यावी. त्यासाठी ती बाग आज राखून ठेवायची आहे.

रोजच्या काळजीचंही दोन शब्दांत सांगते. स्टेरॉइडची, म्हणजे डेक्सामेथासोनची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नका. दिवसातून एकदाच असेल तर सकाळी खाऊन घेतलेली बरी, संध्याकाळी उशिरा घेतली तर झोप उडते. साखर तपासत राहा, मधुमेह नसला तरी या गोळीने वाढते. फिटची गोळी एकदाही चुकवू नका, प्रवासात ती हातातल्या पिशवीत ठेवा. सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी होणं, झोपाळूपणा वाढणं, एका बाजूचा हात-पाय जड पडणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. पुष्कळदा ती नुसती सूज असते आणि गोळी वाढवून दोन दिवसांत माणूस उठून बसतो.

त्या समन्वयकाने पाठवलेला प्रस्ताव, व्हिडिओ आणि मेसेज मात्र फोनमधून उडवू नका. खारघरला ते डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर कुणी पुन्हा पैशांसाठी फोन केला तर 'सीटीआरआयचा नंबर पाठवा, मग बोलू' एवढंच सांगून फोन ठेवा.